बाबा आयुष्यभर पेज-मासे खाऊन राबले, मग त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग का? आम्ही भावांनी काय खावं?

देवगड तालुक्यातल्या ५१ वर्षांच्या एका गृहस्थांचा हा प्रश्न. त्यांचे वडील ७४ वर्षांचे. पाठ दुखते म्हणून सहा महिने तेल, लेप, बेल्ट आणि वेदनाशामक गोळ्या झाल्या. शेवटी रक्तातला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात उतरणारं प्रथिन, या रोगात ते वाढतं) ३०० च्या वर निघाला आणि स्कॅनमध्ये कर्करोग मणक्यात पोचलेला दिसला. ते लिहितात, "बाबांनी कधी बाहेरचं खाल्लं नाही. सकाळी पेज, दुपारी भात नि माशाची कढी, रात्री नाचणीची भाकरी. सत्तरीपर्यंत आंब्याच्या कलमांत राबले. विडी नाही, दारू नाही. मग त्यांनाच का? आम्ही तीन भाऊ. मी ५१, मधला ४७ आणि तो डोंबिवलीला, धाकटा ४४. कोणी म्हणतं दूध बंद करा, कोणी टोमॅटोच्या गोळ्या सांगतं, कोणी रोज कोकम प्या म्हणतं. खरं काय?"

आधी तुमच्या 'का'चं उत्तर देतो, कारण तो प्रश्न घरात तुमच्या आईलाही छळत असणार. रत्नागिरीत मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून पंचवीसेक वर्षं काम करताना कितीतरी बायकांनी, नवरा कपडे घालत पडद्याआड असताना, मला हळूच विचारलंय, "माझ्या रांधण्यात काही चुकलं का?" त्यांना जे सांगतो तेच तुमच्या आईला सांगा. तिचं काहीही चुकलेलं नाही. या रोगाची तीन मोठी कारणं म्हणजे वय, रक्ताचं नातं आणि मानववंश. तिन्ही चुलीपाशी ठरत नाहीत.

आता थोडं खोलात जाऊ, कारण पुढचा सगळा सल्ला याच्यावर उभा आहे. दुसऱ्याच कुठल्या कारणाने वारलेल्या पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथी शवविच्छेदनात बारकाईने तपासल्या, तेव्हा ऐंशीच्या आसपासच्या निम्म्याहून जास्त जणांत कर्करोगाचे बारीक ठिपके सापडले. त्या माणसांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे ठिणगी पडणं ही म्हातारपणातली अगदी सामान्य गोष्ट. वणवा मात्र थोड्यांच्या वाट्याला येतो. मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या बागांत तुम्ही हे पाहता. ठिणगी कुठूनही येते, पण खाली वाळलेलं गवत किती माजलंय यावर पुढचं ठरतं. आहार आणि राहणीचा जो काही पुरावा आज आपल्या हाती आहे, तो बहुतेक या गवताबद्दलचा आहे. ठिणगी पडूच न देणारा पदार्थ अजून कोणाला सापडलेला नाही.

राहणीमानाचा हात यात आहे हे कशावरून? जपानमध्ये हा रोग पूर्वी फार कमी दिसायचा. तिथले लोक हवाई बेटांवर आणि अमेरिकेत जाऊन राहिले, तेव्हा त्यांच्यातलं प्रमाण वाढलं. रक्त तेच, पण ताट, कंबर आणि दिवसभराची हालचाल बदलली. (तिथे तपासण्याही जास्त होतात, त्यामुळे छुपे रोगही जास्त सापडतात. सगळा दोष ताटाला देता येत नाही.) भारतातही पाश्चात्त्य देशांच्या मानाने हा रोग अजून कमी आढळतो. पण आपल्याकडे जे रुग्ण येतात, ते तुमच्या बाबांसारखे, हाडापर्यंत पोचल्यावर येतात. माझं खरं दुःख ते आहे. त्याच्याकडे शेवटी येतो.

तर गवत कशाने माजतं? सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो पोटावरच्या चरबीचा. लठ्ठपणामुळे साधा, सौम्य प्रोस्टेट कर्करोग वाढतो असं स्पष्ट दिसत नाही, पण पसरणारा, जीव घेणारा कर्करोग मात्र लठ्ठ पुरुषांत जास्त आढळतो. जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१४ मध्ये सगळा पुरावा एकत्र तपासून हेच म्हटलं. आपल्या बांध्याच्या पुरुषांनी कंबर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावी. पँटचा नंबर सांगू नका, बेंबीच्या पातळीवर टेप लावून मोजा. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. लठ्ठ माणसाच्या अंगात रक्ताचं एकूण प्रमाण जास्त असतं, त्यामुळे पीएसए त्यात पातळ होऊन रिपोर्टमध्ये थोडा कमी दिसू शकतो. पोट सुटलेल्याला रिपोर्ट बघून खोटं समाधान मिळायची भीती असते.

तुमच्या बाबांच्या पिढीला कंबर सांभाळायचं वेगळं काम नव्हतं. घाटीने चढून बाजार, उतरून शेत, होडीतून पलीकडचा गाव. आज गाडी पडवीपर्यंत येते. मुलाला शाळेत सोडायला दुचाकी, चौकात दूध आणायला दुचाकी. अमेरिकेत सौम्य, ग्रंथीतच असलेला कर्करोग सापडलेल्या सुमारे दीड हजार पुरुषांवर नजर ठेवली गेली. आठवड्याला तीन तास किंवा जास्त, दम लागेल अशा झपाट्याने चालणाऱ्यांत रोग पुढे सरकण्याचं प्रमाण रमतगमत चालणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, पक्का पुरावा नव्हे. झपाझप चालणारी माणसं मुळातच तब्येतीने बरी असू शकतात. तरी मी हा सल्ला देतो, कारण यात गमावण्यासारखं काही नाही आणि त्याच चालण्याने हृदय व साखर दोन्ही सांभाळली जातात. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, रोज सकाळी अर्धा तास, बोलताना मध्येच श्वास घ्यावा लागेल असं चाला. समुद्राच्या ओल्या वाळूवर चाललात तर दम लवकर लागेल.

तंबाखूचं थोडक्यात सांगतो. निदान होताना सिगारेट ओढत असलेल्यांत या कर्करोगाने मरण्याचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त दिसला, आणि सोडून दहा वर्षं झालेल्यांत तो जवळपास न ओढणाऱ्यांइतका उतरला. तुमच्या भावांपैकी कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर खाण्यापिण्याचे बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवा. आधी ती सोडवा.

आता ताट. दुधापासून सुरू करतो. दिवसाला दीड-दोन हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम पोटात जाणाऱ्या पाश्चात्त्य पुरुषांत धोका थोडा वाढलेला दिसतो. दुधाचे मोठे ग्लास, चीज आणि वर कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांची ही गोष्ट. तुमच्या घरात दूध म्हणजे दोन वेळचा चहा आणि वाटीभर ताक. त्याला घाबरू नका. फक्त 'हाडं मजबूत' म्हणून स्वतःच्या मनाने कॅल्शियमच्या गोळ्या चालू करू नका.

टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन १९९० च्या दशकात फार गाजलं. शिजवलेला टोमॅटो जास्त खाणाऱ्यांत हा रोग कमी दिसला होता. लायकोपीन तेलात शिजवल्यावर अंगी जास्त लागतं, म्हणून सार किंवा रस्सा कोशिंबिरीपेक्षा बरा. पण आपल्या जुन्या स्वयंपाकात आंबटाला कोकम, चिंच, कैरी, बिंबलं. टोमॅटो हा नंतर आलेला पाहुणा. तो नाही म्हणून आपल्या आजोबांचं काही अडलं नव्हतं. लायकोपीन कलिंगडातही भरपूर असतं, लाल गराच्या पेरूत आणि पपईतही असतं. भातकापणीनंतर मळ्यात होणारं कलिंगड फेब्रुवारी-मार्चमध्ये मुबलक मिळतं. ते खा, गोळी विकत घेऊ नका.

कोकमाबद्दल मला स्वतःला प्रेम आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. त्याच्या सालीतल्या गार्सिनॉल या द्रव्याचे प्रयोगशाळेत, काचेच्या बशीतल्या पेशींवर प्रयोग झालेत. बशीतल्या पेशी हळदीने मरतात, लसणाने मरतात, इतर शेकडो गोष्टींनीही मरतात. माणसाला त्याचा उपयोग होतो हे कोणी दाखवलेलं नाही. सोलकढी जेवणानंतर जरूर घ्या, पण औषध म्हणून आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटल्या रिचवू नका. आगळात मीठ फार असतं, रक्तदाब असेल तर भोवेल.

मासे सोडायचे का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी तुम्हाला ते सांगणार आहे. सोडू नका. बांगडा आणि तारली, म्हणजे तुमच्याकडचे पेडवे, यांत चांगलं तेल असतं. ते प्रोस्टेटचा कर्करोग टाळतं का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हायटल' या अमेरिकी चाचणीत २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुष होते. त्यात माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि ड जीवनसत्त्व, दोन्हींनी कर्करोगाचं प्रमाण कमी झालं नाही. मग मासे का खायचे? कारण ताटात बांगडा असला की तिथे मटण नसतं, आणि तुमच्या वयाला हृदयविकार हा या कर्करोगापेक्षा मोठा शत्रू आहे. मात्र रव्यात घोळवून तेलात तळलेली सुरमई रोज खाल्लीत तर माशाचा गुण तेलात जातो. तिरफळ घातलेलं तिखलं करा, कढी करा. पावसात मासेमारी बंद असते तेव्हा सुकट, सुके बांगडे निघतात. ते चवीपुरते, कारण मीठ. वडे-सागोती सणाला असू दे. लाल मटण आठवड्याला एखादी वेळ, आणि निखाऱ्यावर करपवलेलं शक्यतो नको.

भाज्यांबद्दल लोक माझ्याकडून फार मोठं काहीतरी ऐकायला बसलेले असतात. जानेवारी २०२० मध्ये एक नीट बेतलेली चाचणी प्रसिद्ध झाली. सौम्य कर्करोग असलेले ४७८ पुरुष, त्यांतल्या निम्म्यांना दिवसाला भाज्यांची सात किंवा अधिक वाढणी खायला लावली आणि दोन वर्षं त्यांच्या मागे राहिले. त्यांनी खरोखर भाज्या वाढवल्या, रक्तात त्याच्या खुणाही दिसल्या. पण रोग पुढे जाण्यात दोन गटांत काहीही फरक पडला नाही. हे वाचून मी खट्टू झालो होतो. तरीही श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला खा, कुळथाची पिठी खा, उकडा तांदूळ आणि नाचणी ठेवा. अशा जेवणाने पोट भरतं आणि कंबर आवाक्यात राहते. ते सोडून तुमच्या-माझ्या मुलांच्या ताटात मैद्याची पावबिस्किटं, पाकिटातली फरसाणं आणि रंगीत गोड पाणी आलंय, त्याची मला खरी काळजी वाटते.

आणि गोळ्या. इथे मी थोडा कडक होतो. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व घेतल्याने हा रोग टळेल अशी फार आशा होती, म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर 'सिलेक्ट' नावाची चाचणी सुरू झाली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. पुढे नजर ठेवली तेव्हा २०११ मध्ये कळलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला होता. औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळ्या घेतलेल्या हजार जणांत सात वर्षांत ६५ जणांना झाला, तर ई घेतलेल्या हजारांत ७६ जणांना. म्हणजे टाळण्यासाठी घेतलेल्या गोळीने हजारी ११ माणसं जास्त आजारी पडली. तुमच्या औषधाच्या दुकानात 'प्रोस्टेटचं आरोग्य' म्हणून ज्या कॅप्सूल मिळतात, त्यांच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात हीच दोन नावं असतात का ते वाचा. तुमच्या धाकट्या भावासाठी घेतल्या असतील तर टाकून द्या.

तुम्ही संकोचून शेवटी विचारलेला प्रश्न असा, की संबंध जास्त किंवा कमी ठेवल्याने असं होतं का. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. सुमारे ३२ हजार पुरुषांच्या एका दीर्घ अभ्यासात महिन्याला २१ किंवा अधिक वेळा वीर्यस्खलन होणाऱ्यांत हा रोग, महिन्याला चार ते सात वेळा होणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. यावरून कोणी आकडा गाठत बसू नये. पण 'वीर्य गेलं म्हणून रोग झाला' ही गावात सांगितली जाणारी गोष्ट खोटी आहे, एवढं यातून नक्की निघतं. नसबंदीलाही घाबरायचं कारण नाही.

तुमच्या कलमांसंबंधी एक. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांत १९९३ पासून शेतकरी आणि फवारणी करणाऱ्यांवर मोठा अभ्यास चालू आहे, आणि त्यांच्यात प्रोस्टेटचा कर्करोग इतरांपेक्षा काहीसा जास्त सापडला. तुमच्या बाबांना फवारणीनेच झाला असं मी म्हणू शकत नाही. पण मोहर आल्यावर हापूसच्या बागांत किती फवारे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तोंडाला नुसता पंचा बांधून फवारू नका. मास्क, हातमोजे, पूर्ण बाहीचा सदरा वापरा आणि घरी आल्याबरोबर साबणाने अंघोळ करा. गड्यालाही हे सगळं द्या.

बाबांच्या खाण्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण या घडीला घरात आहाराचा सगळ्यात जास्त उपयोग त्यांनाच आहे. त्यांना पुरुषी संप्रेरक बंद करणारं इंजेक्शन चालू झालं असेल. त्या उपचाराने कर्करोग बऱ्याचदा चांगला आटोक्यात येतो, पण हाडं ठिसूळ होतात, स्नायू झडतात, पोट सुटतं, साखर वाढते. म्हणून त्यांना कॅल्शियम हवं, दिवसाला हजार-बाराशे मिलिग्रॅम. दूध तुमच्यासाठी वाईट आणि त्यांच्यासाठी चांगलं असा हा घोळ नाही. प्रमाणात दोघांनाही चालतं, त्यांना फक्त त्याची गरज जास्त आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पेडव्याचे मऊ काटे चावून खाल्ले तर त्यातूनही मिळतं. प्रत्येक जेवणात मासा, अंडं किंवा उसळ असू द्या. मणक्यात रोग असल्याने वजन उचलणं आणि वाकणं डॉक्टरांना विचारूनच, पण खाटेवर झोपवून ठेवू नका. हाडांसाठीचं इंजेक्शन सुरू करण्याआधी दात तपासून घ्या, हलणारा दात असेल तर आधी काढून घ्या. नंतर काढला तर जबडा भरून यायला त्रास होतो. आणि पायांत अचानक ताकद कमी वाटली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.

आता तुम्ही तिघे. वडिलांना हा रोग असेल तर मुलाचा धोका साधारण दुप्पट होतो. ज्यांच्या घराण्यात कोणाला नाही, त्यांनी पन्नाशीला तपासणीचा विचार करावा. तुमच्यासारख्यांनी ४५ ला. म्हणजे तुम्हाला आधीच सहा वर्षं उशीर झालाय, डोंबिवलीच्या भावाला दोन, धाकट्याचं पुढच्या वर्षी. घरात आई, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला कमी वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण बीआरसीए २ नावाच्या जनुकातला एकच दोष दोन्हीकडे रोग आणू शकतो आणि मग तपासणी चाळिशीलाच सुरू करावी लागते.

'त्रास होईल तेव्हा बघू' हे इथे चालत नाही. वयोमानाने ग्रंथी फुगते ती मूत्रनलिकेच्या भोवतीच्या भागात, म्हणून धार बारीक होते, रात्री चारदा उठावं लागतं. कर्करोग मात्र बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या कडेला सुरू होतो. तिथे तो वर्षानुवर्षं वाढला तरी लघवीला काहीच कळत नाही. "आता वय झाला, ह्या असाच चलायचा," म्हणत पाठ चोळत बसलेले खलाशी आणि बागायतदार मी इतके पाहिलेत, की साठीनंतरची न थांबणारी पाठदुखी म्हटली की माझा हात आधी पीएसएच्या कागदाकडे जातो.

पीएसए वाढला म्हणजे कर्करोगच, असंही नाही. मूत्रसंसर्ग, ग्रंथीची साधी वाढ, लघवीसाठी नुकतीच घातलेली नळी, कशानेही तो वाढतो. म्हणून एका आकड्यावर घाबरून सुई टोचून घेऊ नका. काही आठवड्यांनी पुन्हा करा, वाढलेलाच असेल तर एमआरआय आणि मग गरज पडली तर बायोप्सी, म्हणजे सुईने ग्रंथीचा तुकडा काढून तपासणं. या तपासणीचा एक तोटाही सांगायला हवा. तिच्यातून असेही रोग सापडतात जे कधीच त्रास देणार नव्हते, आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली तर लघवी गळणं, संबंधांत अडचण येणं हे भोग मागे लागतात. सौम्य प्रकार निघाला तर ऑपरेशनची घाई न करता ठरावीक दिवसांनी तपासत राहणं हा आज मान्य झालेला मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा नुसती नजर, तिन्ही गटांत १५ वर्षांनी या रोगाने मेलेले तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी होते. हे आधी समजून घेऊन मगच रक्त द्या.

डोंबिवलीचे भाऊ गणपतीला घरी येतील तेव्हा दोघे एकाच दिवशी तालुक्याच्या लॅबमध्ये जा. आधीचे दोन दिवस संबंध आणि सायकल टाळा. गेल्या महिना-दीड महिन्यात लघवीला जळजळ झाली असेल तर पुढे ढकला. केसांसाठी किंवा लघवीसाठी फिनास्टराइड, ड्युटास्टराइड चालू असेल तर सांगा, त्याने आकडा निम्मा दिसतो. उपाशीपोटी जायची गरज नाही, आरती-नैवेद्य करून, जेवून गेलात तरी चालेल. धाकट्यालाही सोबत न्या, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला वाट विचारावी लागणार नाही.